प्रतिजैविकरोधाची जलद चाचणी

प्रतिजैविकरोधाची जलद चाचणी म्हणजे रुग्णाच्या शरीरातील रोगकारक जिवाणू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देणार नाही, हे दिवसांऐवजी तासांत किंवा मिनिटांत सांगणारी प्रयोगशाळेतील तपासणी होय. जिवाणू पोषक माध्यमावर वाढवून त्यावर औषधाचा परिणाम पाहणे ही जुनी, खात्रीची, पण संथ रीत आहे. जलद चाचणीत बहुधा जिवाणूच्या जनुकातील बदल, त्याने निर्माण केलेले विकर किंवा त्याच्या वाढीची अगदी सुरुवातीची लक्षणे पाहिली जातात. भारतात ही चाचणी सर्वाधिक प्रमाणात क्षयरोगासाठी वापरली जाते. महाराष्ट्राचा तिच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. तिच्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय परीक्षणातील एक केंद्र मुंबईत होते, आणि तिचे भारतीय बनावटीचे यंत्र शेजारच्या गोव्यातील कंपनीने बाजारात आणले.

कालावधीचे महत्त्व

प्रतिजैविकाला न जुमानणारे जिवाणू निर्माण होतील, असा इशारा पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात दिला होता. कारण सोपे आहे. कोट्यवधी जिवाणूंच्या समूहात जनुकीय चुकीमुळे औषधाला तोंड देऊ शकणारे थोडेसे जिवाणू आधीपासूनच असतात. औषध अपुरे पडले की बाकीचे मरतात आणि हे थोडे तेवढे उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत मग त्यांचीच संतती वाढते. २०२२ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिजैविकरोधी जिवाणूंमुळे झाले.

उपचार सुरू करताना वैद्यापुढे जिवाणूचे नाव नसते, त्याची औषधसंवेदनशीलताही नसते. अनुभवावरून एक औषध निवडले जाते आणि नमुना प्रयोगशाळेकडे रवाना होतो. निकाल येईपर्यंतच्या काळात रुग्णाला निरुपयोगी औषध मिळत असेल तर तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. आजार बळावतो, रोगी आसपासच्यांना तोच रोधी जिवाणू देत राहतो आणि उरलेल्या उपयुक्त औषधांविरुद्धही रोध निर्माण होण्याची संधी मिळते. रक्तातील जंतुसंसर्गात हा काळ तासांत मोजावा लागतो. क्षयरोगात तो एकेकाळी महिन्यांत मोजला जात असे.

संवर्धनावर आधारित चाचणी

नेहमीच्या जिवाणूंसाठी चकती पद्धत आजही सर्वत्र प्रचलित आहे. बशीतील माध्यमावर जिवाणूंचा थर पसरवून त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जिवाणूविरहित स्वच्छ वर्तुळ दिसते आणि त्याचा व्यास मोजून निष्कर्ष काढतात. या पद्धतीचे प्रमाणीकरण १९६६ साली बावर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. सामान्य बोलण्यात 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' म्हणतात ती बहुधा हीच तपासणी. नमुना आल्यापासून तिला दोन ते तीन दिवस लागतात, कारण जिवाणूंची वाढ डोळ्यांना दिसेपर्यंत एक रात्र जाते आणि औषधासह दुसरी.

क्षयाच्या जिवाणूची गोष्ट वेगळी आहे. आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. अंडी वापरून केलेल्या, मॅलाकाइट ग्रीन या रंगामुळे हिरवट दिसणाऱ्या लोव्हनश्टाइन-येन्सन माध्यमावर त्याची वसाहत दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. औषधासह पुन्हा वाढवायचे तर आणखी तेवढेच. द्रव माध्यमाच्या यंत्राने हा काळ बराच कमी केला, तरी तो आठवड्यांच्या खाली आला नाही. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी त्याच दिवशी होते; पण तिच्यात मेलेला, जिवंत, औषधाला बळी पडणारा आणि न पडणारा असे सगळे जिवाणू सारखेच लाल दिसतात.

याचा परिणाम उपचाराच्या धोरणावर होत असे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात अनेक वर्षे औषधरोधाची तपासणी प्रामुख्याने ज्याचे उपचार फसले त्याचीच होई. पहिला उपचारक्रम संपवूनही बेडक्यात जिवाणू दिसत राहिले तर दुसरा, आठ महिन्यांचा क्रम दिला जाई. त्यात जुन्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिन या एकाच नव्या औषधाची भर असे. ज्या जिवाणूने मुख्य औषधांना आधीच हरवले आहे त्याच्यापुढे एकच नवे औषध ठेवणे म्हणजे त्या औषधाविरुद्धही त्याला तयार करणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने हा क्रम बंद करण्याची शिफारस २०१७ साली केली.

जनुकावर आधारित चाचणी

रिफाम्पिसीन हे क्षयावरील सर्वांत प्रभावी औषधांपैकी एक. ते जिवाणूच्या आरएनए तयार करणाऱ्या विकराला चिकटते आणि त्याचे काम थांबवते. या विकराचा एक भाग 'आरपीओबी' नावाच्या जनुकात लिहिलेला असतो. रिफाम्पिसीनरोधी जिवाणूंपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जिवाणूंत रोधाला कारणीभूत असणारा बदल या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या एका तुकड्यात आढळतो. निसर्गाने रोधाचा पुरावा इतक्या लहान जागेत ठेवल्यामुळेच क्षयरोगाची जलद चाचणी इतर अनेक रोगांच्या आधी शक्य झाली. शिवाय रिफाम्पिसीनला न जुमानणारा जिवाणू बहुतेक वेळा आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधालाही जुमानत नाही, म्हणून एका औषधाचे उत्तर दोन्हींचा अंदाज देते.

नमुन्यात जिवाणू थोडे आणि त्यांचा डीएनए त्याहून थोडा. पीसीआर या प्रक्रियेत हवा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट केला जातो. एका तुकड्यापासून सुरुवात केली तर तीस आवर्तनांनंतर, तत्त्वतः, सुमारे १०७ कोटी प्रती तयार होतात. त्यांत बदल आहे की नाही हे पाहण्यासाठी 'आण्विक दीपक' वापरतात. फ्रेड क्रेमर आणि संजय त्यागी यांनी १९९६ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आण्विक दीपक म्हणजे केसाच्या आकड्यासारखा दुमडलेला डीएनएचा छोटा धागा. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू असतो आणि दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा. योग्य जोडीदार सापडला की धागा उलगडतो, दोन्ही टोके दूर जातात आणि प्रकाश दिसतो. एक्सपर्ट एमटीबी/रिफ या चाचणीत असे पाच दीपक मिळून ती ८१ अक्षरे व्यापतात. सगळे पेटले तर जिवाणू क्षयाचा आणि रिफाम्पिसीनला संवेदनशील. काही पेटले आणि एखादा पेटला नाही किंवा फार उशिरा पेटला, तर जिवाणू क्षयाचाच. पण त्या जागी मजकूर बदललेला आहे, म्हणजे रोध संभवतो.

हे सारे एका बंद प्लास्टिकच्या पेटीत घडते. तंत्रज्ञ बेडक्यात दुप्पट द्रावण मिसळतो, पंधरा मिनिटे थांबतो, मिश्रण पेटीत भरतो आणि पेटी यंत्रात ठेवतो. सुमारे दोन तासांत निकाल मिळतो. भारतात ही चाचणी 'सीबीनॅट' या नावाने ओळखली जाते. सूक्ष्मदर्शकाला जिवाणू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जिवाणू लागतात, तर या चाचणीला सुमारे १३० पुरतात.

तिचे पहिले मोठे परीक्षण पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारत येथे १,७३० संशयित रुग्णांवर झाले. भारतातील केंद्र मुंबई होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चाचणीने रिफाम्पिसीनरोधी २०५ रुग्णांपैकी २०० आणि संवेदनशील ५१४ रुग्णांपैकी ५०४ अचूक ओळखले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. आयसोनियाझिडचाही रोध दाखवणारी पट्टी चाचणी २००८ पासून मान्य होती. पण तिला वेगवेगळ्या खोल्या, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि एक-दोन दिवसांचा अवधी लागतो, त्यामुळे ती मोठ्या प्रयोगशाळांपुरती राहिली.

मुंबईतील २०११–१२ चे प्रकरण

डिसेंबर २०११ मध्ये मुंबईतील माहीम येथील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना रोध दाखवणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. लवकरच ही संख्या बारा झाली. त्यांनी वापरलेला 'संपूर्ण औषधरोधी' हा शब्द केंद्र शासनाने अमान्य केला आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तो स्वीकारला नाही. सर्व औषधांची विश्वासार्ह चाचणीच उपलब्ध नसताना 'संपूर्ण' म्हणता येणार नाही, हा त्यामागील तांत्रिक आक्षेप योग्य होता. रुग्णांच्या स्थितीत मात्र शब्दाने काही फरक पडत नव्हता.

या नोंदीतील अधिक बोलका भाग रुग्णांच्या पूर्वेतिहासाचा आहे. चारपैकी तिघांना अठरा महिन्यांत सरासरी चार खाजगी डॉक्टरांनी दुसऱ्या फळीची औषधे दिली होती. ती देखरेखीविना, एकेक करून आणि अनेकदा चुकीच्या मात्रेत दिलेली होती. याच गटाने धारावीतील १०६ खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध केली होती. क्षयरोगासाठी औषधचिठ्ठी लिहायला सांगितल्यावर त्यांपैकी केवळ सहा जणांनी योग्य उपचारक्रम लिहिला. एकूण ६३ वेगवेगळे क्रम लिहिले गेले.

त्यानंतरच्या काही महिन्यांत धोरणे बदलली. ७ मे २०१२ रोजी क्षयरोग हा देशभर अधिसूचित आजार ठरला, म्हणजे खाजगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक झाले. जून २०१२ मध्ये रक्तातील प्रतिद्रव्यांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर बंदी आली. या चाचण्याही जलद होत्या आणि स्वस्तही. परंतु त्यांचा निकाल भरवशाचा नव्हता. मार्च २०१४ पासून क्षयावरील आणि इतर अनेक प्रतिजैविकांना 'एच-१' ही अनुसूची लागू झाली, जिच्यामुळे औषधविक्रेत्याला चिठ्ठी पाहून स्वतंत्र नोंदवहीत विक्री नोंदवावी लागते. २०१८ पासून निदान झालेल्या प्रत्येक क्षयरुग्णाची किमान रिफाम्पिसीनरोधासाठी तपासणी करण्याचे धोरण देशभर राबवले जाऊ लागले.

ट्रूनॅट

सीबीनॅट यंत्राला अखंड वीज आणि सुमारे तीस अंश सेल्सिअसच्या आतील तापमान लागते. त्याच्या पेट्याही २८ अंशांच्या आत साठवाव्या लागतात. तालुक्याच्या गावात मे महिन्यात या अटी पाळणे सोपे नाही. बंगळूरची बिगटेक लॅब्ज आणि गोव्याची मोल्बिओ डायग्नोस्टिक्स यांनी विकसित केलेली ट्रूनॅट ही चाचणी या अडचणी लक्षात घेऊनच घडवली गेली. यंत्र मेजावर मावणारे आणि बॅटरीवर चालणारे असून त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. पीसीआर नखाएवढ्या चिपवर होते. पहिल्या तासाभरात क्षयाचा जिवाणू आहे की नाही हे कळते. असल्यास त्याच नमुन्यातून काढलेला डीएनए दुसऱ्या चिपवर घालून पुढच्या तासाभरात रिफाम्पिसीनरोध तपासतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिचे परीक्षण केले आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. त्याच वर्षी कोविडच्या निदानासाठी हीच यंत्रे देशभर वापरली गेली. त्यामुळे ती अनेक तालुक्यांत पोहोचली, पण काही काळ क्षयाची तपासणी मागे पडली.

बुलढाणा जिल्हा

जलद चाचणीच्या वापरात भूगोल किती महत्त्वाचा आहे हे बुलढाणा जिल्ह्याच्या रचनेवरून समजते. जिल्ह्यात तेरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरील आणि घाटाखालील असे दोन भाग पडतात. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे तालुके पूर्णेच्या सखल खोऱ्यात असून तेथे उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याला भिडतात; तेथील पायथ्याच्या वस्त्यांत आदिवासी लोकसंख्या आहे. दक्षिणेकडे लोणार, सिंदखेड राजा ही टोके आहेत.

अशा जिल्ह्यात 'दोन तासांची चाचणी' दोन तासांत संपत नाही. बेडका सकाळी घ्यावा लागतो, तो थुंकी नव्हे तर खोकून छातीतून काढलेला हवा. घट्ट झाकणाच्या नळीत भरून, तीन आवरणांत गुंडाळून आणि थंड ठेवून तो यंत्र असलेल्या ठिकाणी न्यावा लागतो. नमुने एकत्र जमेपर्यंत एखादा दिवस जातो. निकाल परत येऊन रुग्ण सापडेपर्यंत आणखी काही. मधल्या काळात कुटुंब मजुरीसाठी बाहेरगावी गेले असेल तर निकाल कागदावरच राहतो. म्हणून चाचणीची गती यंत्राच्या वेळेवरून नव्हे, तर नमुना दिल्यापासून योग्य गोळी पोटात जाईपर्यंतच्या दिवसांवरून मोजणे अधिक योग्य ठरते. आशा कार्यकर्ती आणि नमुना वाहून नेणारा कर्मचारी हे या साखळीतील यंत्राइतकेच आवश्यक दुवे आहेत.

रिफाम्पिसीनरोध आढळल्यास इतर औषधांसाठीची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत करावी लागते. राज्यात नागपूर आणि पुणे येथे क्षयरोग कार्यक्रमाच्या मध्यवर्ती संदर्भ प्रयोगशाळा आहेत. बुलढाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतो. त्यामुळे क्षयाव्यतिरिक्तच्या जिवाणूंची संवर्धन-तपासणी पुढे जिल्ह्यातच होण्याचा मार्ग मोकळा होतो.

निकालाचा अर्थ आणि मर्यादा

जनुकीय चाचणी केवळ माहीत असलेल्या जागी पाहते. स्वाझीलँडमध्ये २००९ च्या पाहणीतील बहुऔषधरोधी जिवाणूंपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये रोधाचा बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता, त्यामुळे एक्सपर्टने ते संवेदनशील ठरवले असते. 'रोध आढळला नाही' याचा अर्थ 'रोध नाही' असा होत नाही.

उलट बाजूचा दोषही ध्यानात घ्यावा लागतो. भारतातील २०१४–१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बहुऔषधरोधाचे प्रमाण नव्या क्षयरुग्णांत २.८४ टक्के, तर पूर्वी उपचार घेतलेल्यांत सुमारे ११.६ टक्के आढळले. हजार नव्या रुग्णांत २८ जण रोधी आहेत असे धरू. चाचणी त्यांतील सुमारे २७ ओळखेल. उरलेल्या ९७२ संवेदनशील रुग्णांत ती ९८ टक्के अचूक असली, तरी १९ जणांना चुकून रोधी ठरवेल. म्हणजे 'रोधी' असा शिक्का बसलेल्या ४६ जणांपैकी १९ जणांच्या बाबतीत तो चुकीचा असेल. पूर्वी उपचार घेतलेल्यांत हेच गणित बरेच सुधारते, कारण तेथे खरे रोधी रुग्णच जास्त असतात. त्यामुळे ज्याला रोधाचा फारसा धोका नाही अशा नव्या रुग्णात रोध दिसला, तर चाचणी नव्या नमुन्यावर पुन्हा करण्याचा संकेत आहे.

डीएनए जिवाणू मेल्यावरही काही काळ टिकतो. त्यामुळे उपचार लागू पडत आहेत का हे पाहण्यासाठी ही चाचणी वापरत नाहीत; तेथे सूक्ष्मदर्शक आणि संवर्धन हेच साधन आहे. नव्या औषधांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. बेडाक्विलिन या औषधाविरुद्धचा रोध एका लहान तुकड्यात नव्हे, तर जनुकभर विखुरलेल्या बदलांतून येतो. पाच दीपकांनी तो पकडता येत नाही. त्यासाठी जनुकाचा पूर्ण क्रम वाचावा लागतो. भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळालेला सहा महिन्यांचा नवा उपचारक्रम याच औषधावर उभा आहे. पूर्वी ज्यांना दीड-दोन वर्षे औषधे घ्यावी लागत, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. म्हणूनच त्याच्या रोधाची चाचणी मागे राहणे चिंतेचे आहे.

क्षयरोगाव्यतिरिक्त इतर जिवाणू

इतर जिवाणूंत रोधाचा पुरावा एका जागी नसतो. काही जिवाणू औषध तोडणारे विकर तयार करतात, काही औषध बाहेर फेकतात, काही आपले दारच बंद करतात. अतिदक्षता विभागातील शेवटच्या औषधांपैकी असलेल्या कार्बापेनेम गटाला तोडणारे विकर ओळखण्यासाठी २०१२ साली फ्रान्समधील नॉर्डमान, प्वारेल आणि डॉर्टे यांनी एक सोपी युक्ती मांडली. द्रावणात औषध आणि फिनॉल रेड हा दर्शक घालतात. विकराने औषध तोडले की आम्ल तयार होते आणि लाल रंग दोन तासांच्या आत पिवळा होतो. गर्भचाचणीसारख्या पट्टीवर हीच विकरे पंधरा मिनिटांत दाखवणाऱ्या चाचण्याही आता मिळतात. रक्ताच्या संवर्धनात जिवाणू दिसताच ते थेट चकती पद्धतीने तपासून चार, सहा आणि आठ तासांनी व्यास मोजण्याची पद्धत युरोपीय समितीने २०१८ साली प्रमाणित केली. तिला महागडे यंत्र लागत नाही, त्यामुळे जिल्हा पातळीवर ती अधिक उपयोगी पडू शकते.

विषमज्वराच्या बाबतीत मात्र ग्रामीण भागात अजूनही विडाल चाचणीवरच भिस्त दिसते. १८९६ सालची ही चाचणी रक्तातील प्रतिद्रव्ये पाहते. ती निदानासाठीही अपुरी आहे आणि रोधाबद्दल तर काहीच सांगत नाही. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेला, बहुतेक औषधांना न जुमानणारा विषमज्वर रक्ताच्या संवर्धनामुळेच ओळखू आला.

मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी स्वीडनमधील उप्सला विद्यापीठातील संशोधनातून आलेल्या यंत्राला जून २०२४ मध्ये ब्रिटनचे ८० लाख पौंडांचे 'लाँगिट्यूड प्राइझ' मिळाले. मूत्राचे थोडे थेंब घेऊन ते पंधरा मिनिटांत जिवाणूसंसर्ग आहे का हे सांगते आणि पाऊण तासात कोणते औषध चालेल हे दाखवते. ते जनुक वाचत नाही. केसाहून बारीक नलिकांत अडकलेले जिवाणू औषधासह आणि औषधाविना कसे वाढतात याची छायाचित्रे ते क्षणोक्षणी घेते, म्हणजे चकती पद्धतीचाच प्रश्न एकेका जिवाणूला विचारते.